कंदीलवाल्या बाईचं गणित

फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर बोलायची माझी ही दुसरी वेळ. पहिली वेळ सातवीतली. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत चिठ्ठ्या टाकून विषय वाटले होते. शेजारच्या बाकावरच्या पोराला भगतसिंग निघाला आणि माझ्या चिठ्ठीत ही हातात दिवा घेतलेली बाई. वर्गातली पोरं महिनाभर मला सिस्टर म्हणून हाका मारत होती. बाईंनी लिहून दिलेलं भाषण घोकलं, हातवारे करत म्हटलं, उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून एक कंपासपेटी पटकावली आणि विषय संपवला. त्या भाषणात दिवा निदान सात वेळा आला असेल. गटाराचा उल्लेख मात्र एकदाही नव्हता.

आता मध्येच गटार कुठून आलं, असं वाटेल. सांगतो.

गेल्या वर्षी पाचव्या सेमची परीक्षा आटोपून मी घरी पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी आजी बाथरूममध्ये घसरून पडली. वय ८१. खुब्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या गावी नेलं, ऑपरेशन झालं, चांगलं झालं. बाबांना रजा नव्हती, आईची घर आणि हॉस्पिटल अशी ओढाताण चाललेली, त्यामुळे रात्रपाळी माझ्याकडे आली. जागरणाची सवय होतीच, सबमिशनच्या कृपेने!

आजीला लघवीची नळी घातली होती आणि त्या नळीची पिशवी पलंगाच्या कडेला खाली अडकवलेली होती. दुसऱ्या रात्री एक्स-रेसाठी तिला स्ट्रेचरवर घेताना मी शहाणपणा केला. पिशवी लोंबकळू नये म्हणून उचलली आणि सरळ तिच्या पोटावर ठेवली. पंधरा-वीस मिनिटं ती तशीच राहिली. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये चांगले मार्क पडलेला मी! पाणी वरून खाली वाहतं, पिशवी वर गेली की आतलं उलटं शरीरात जाऊ शकतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. त्या वेळी डोक्यातच आलं नाही.

चौथ्या दिवशी आजी बरळायला लागली. ताप फारसा नव्हता. पण मला आजोबांच्या नावाने हाक मारायची, गाई सोडल्या का म्हणून विचारायची. आमच्या गोठ्यात गाई नाहीत त्याला पंधरा वर्षं झाली. घरच्यांना वाटलं, वय झालंय, भुलीचा परिणाम असेल. वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरांनी मात्र आल्या आल्या नळीकडे बघितलं. म्हाताऱ्या माणसात इन्फेक्शन झालं की कधी कधी तापाच्या आधी असा गोंधळच दिसतो, असं त्यांनी आईला समजावलं. तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं.

मग त्यांनी एक लांबट रजिस्टर काढलं आणि एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. नळी कधी घातली, पिशवी कधी रिकामी केली, पेशंटला कधी हलवलं. माझ्या पोटात गोळा आला. गप्प बसलो असतो तरी कुणाला कळलं नसतं. पण आजी समोर पडलेली, मला ओळखत नव्हती. सांगून टाकलं. आता सगळ्या वॉर्डासमोर आपला उद्धार होणार या तयारीने उभा राहिलो. सिस्टर काही बोलल्या नाहीत. तारीख, वेळ आणि काय घडलं एवढं लिहिलं. माझं नाव लिहिलं नाही. याच्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, नळी जितके दिवस आत तितका धोका वाढतच जातो, असं म्हणाल्या आणि डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी नळी काढायला लावली. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डातल्या प्रत्येक नातेवाइकाला, मामांना, मावशींना एक गोष्ट दाखवली जाऊ लागली. पेशंट हलवायचा तर पिशवी कमरेच्या खाली धरायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही.

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली माझी जुनी ओळखीची बाई होती. तोच दिवा, तीच टोपी. मी ओळख दाखवली तर सिस्टर हसल्या. म्हणाल्या, दिवा सगळ्यांना आठवतो, हिचं रजिस्टर कुणी वाचत नाही, तू इंजिनिअर होणार ना, तू वाच. म्हणून वाचलं. आधी आजीच्या उशाशी मोबाइलवर, मग कॉलेज सुरू झाल्यावर लायब्ररीत बसून. ते इथे सांगतो.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा. आई-वडील इंग्लंडमधले गडगंज श्रीमंत, इटलीत फिरायला गेलेले, मुलगी फ्लॉरेन्स शहरात झाली म्हणून तेच नाव ठेवलं. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच शिकवलं. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान सगळं. हिला त्यातून गोडी लागली ती गणिताची, आणि आईला ते पसंत नव्हतं. सतराव्या वर्षी हिला वाटलं की देवाने आपल्याला कामासाठी बोलावलंय. पण काम कोणतं ते कळायला काही वर्षं गेली. ते कळलं तेव्हा घरात रडारड झाली. कारण त्या काळी इंग्लंडमध्ये नर्स म्हणजे कुणी शिकलेली बाई नसायची. दुसरं काही काम मिळालं नाही की बायका तिथे यायच्या, आणि दारूचं व्यसन तर जणू ठरलेलंच. श्रीमंत घरची मुलगी तिथे जाणार म्हणजे नाक कापलं जाणार. एका चांगल्या स्थळाने बरीच वर्षं वाट पाहिली, त्यालाही हिने नकार दिला. १८५१ मध्ये जर्मनीत कैसर्सवर्थ इथे तीन महिने राहून तिने रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं.

पहिली नोकरी मिळाली १८५३ मध्ये. लंडनला हार्ले स्ट्रीटवर परिस्थितीने गांजलेल्या आजारी बायकांसाठी एक लहानसं रुग्णालय होतं, त्याची ती प्रमुख झाली. पगार नव्हता. तिथे गेल्यावर तिने काय मागितलं? प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी. जेवण वर चढवायला एक छोटी लिफ्ट. आणि अशी घंटा, की कोणत्या पेशंटने वाजवली ते नर्सला बाहेरच कळावं. नर्सचे पाय जिन्यात झिजले तर ती पेशंटजवळ कधी बसणार, असा तिचा सरळ हिशोब होता. आपल्याकडे याला आता वर्क स्टडी म्हणतात आणि त्यावर पेपर असतो.

१८५४ मध्ये क्रिमियाचं युद्ध पेटलं. इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला, रशिया दुसऱ्या बाजूला. जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिकांना काळा समुद्र ओलांडून इस्तंबूलच्या समोरच्या काठावर, स्कुटारीला आणत. तिथे त्यांचे हाल होतायत अशा बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत यायला लागल्या आणि सरकारची पंचाईत झाली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सचे स्नेही. त्यांनी तिला जायला सांगितलं. ३८ नर्सेस घेऊन ती ४ नोव्हेंबर १८५४ ला स्कुटारीला पोचली.

रुग्णालय म्हणजे तुर्की सैन्याची एक अवाढव्य बराक. कित्येक मैल लांब होतील एवढ्या ओळींनी अंथरलेली माणसं. पुरेशी भांडी नाहीत, साबण नाही, टॉवेल नाहीत, शर्ट नाहीत. तिने स्वतःकडच्या आणि लोकांनी जमवून दिलेल्या पैशांतून वस्तू आणल्या, धोबीघर सुरू केलं, स्वयंपाकाची सोय लावली. रात्री कंदील घेऊन ती वॉर्डांतून फिरायची हेही खरं. तो कंदील चित्रातल्यासारखा नव्हता, घडी घालता येणारा तुर्की कंदील होता. सैनिक तिला देवी मानायचे. वर्तमानपत्रांनी ते चित्र उचललं आणि तिथून ते माझ्या सातवीच्या भाषणापर्यंत आलं.

आता पुढचा भाग माझ्या भाषणात नव्हता. नर्सेस आल्या, साबण आला, शर्ट आले, तरी माणसं मरतच राहिली. किंबहुना वाढलं मरण. त्या एका हिवाळ्यात तिथे चार हजारांवर सैनिक गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर दाखल झालेल्या शंभरांपैकी सुमारे ४२ जात होते. जखमांनी मरणारे त्यात थोडे. बाकीचे हगवण, कॉलरा आणि विषमज्वर अशा रोगांनी. फ्लॉरेन्सची तेव्हाची समजूत अशी, की माणसं आघाडीवरून येतानाच उपासमारीने आणि थंडीने अर्धमेली होऊन येतात, म्हणून वाचत नाहीत. दोष अन्नाचा, रसदीचा, अधिकाऱ्यांचा. पायाखाली काय आहे ते तिलाही दिसलं नव्हतं.

मार्च १८५५ मध्ये लंडनहून एक स्वच्छता आयोग आला. त्यात डॉ. जॉन सदरलँड होते आणि त्यांच्याबरोबर होता रॉबर्ट रॉलिन्सन. हा कोण? सिव्हिल इंजिनिअर! आमच्या ब्रँचला कुणी हिरो म्हणत नाही, म्हणून मुद्दाम नाव सांगतो. या लोकांनी पेशंटकडे नाही, इमारतीकडे बघितलं. बराकीच्या खाली तुंबलेली गटारं होती, त्यांच्यावरच पेशंट झोपत होते. संडासातली हवा वॉर्डात येत होती. पिण्याचं पाणी ज्या पाटातून येत होतं त्यात घोड्याचं मढं सडत होतं. आयोगाने शेकडो गाड्या कचरा उपसला, मेलेली जनावरं पुरली, गटारं धुऊन वाहती केली, खिडक्या उघडल्या, भिंतींना चुना दिला. जून १८५५ पर्यंत मृत्यूचं प्रमाण शंभरात २ च्या आसपास आलं. चार महिन्यांत ४२ वरून २!

ऑगस्ट १८५६ मध्ये फ्लॉरेन्स गुपचूप, मिस स्मिथ या नावाने प्रवास करत घरी परतली. देशभर तिचा उदो उदो चाललेला. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केलं असतं? हार घालून घेतले असते. तिने आकडे मागवले. विल्यम फार हे तेव्हाचे नामांकित संख्याशास्त्रज्ञ, त्यांच्याबरोबर बसून तिने प्रत्येक रुग्णालयाचे, प्रत्येक महिन्याचे मृत्यू मांडले. त्या मांडणीतून जे निघालं ते तिलाच लागणारं होतं. सगळ्यांत जास्त माणसं मेली होती ती तिच्याच स्कुटारीला, आणि ती येऊन काम करत असतानाच्या महिन्यांत. प्रमाण खाली आलं ते गटारं साफ झाल्यावर.

सबमिशनमध्ये रीडिंग जुळलं नाही की आपण काय करतो ते इथे लिहायला नको. मागच्या बॅचची फाइल असतेच. तिलाही आकडे झाकता आले असते. सरकारला तेच हवं होतं. तिने ते छापले. १८५८ मध्ये सैन्याच्या आरोग्यावरचा जाडजूड अहवाल स्वतः छापून घेऊन वजनदार लोकांकडे पाठवला. आकड्यांचे तक्ते कुणी मंत्री वाचत नाही हे माहीत असल्याने तिने चित्र काढलं. वर्तुळाच्या बारा पाकळ्या, एकेक पाकळी एकेका महिन्याची. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळे, जखमांचे लाल, बाकीचे काळे. पाकळीच्या क्षेत्रफळावरून संख्या कळायची. ते चित्र पाहिलं की शिकलेला असो वा नसो, कुणालाही निळा रंग सगळं गिळत चाललेला दिसतो. त्याच साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची ती पहिली स्त्री सदस्य झाली.

१८५९ मध्ये नर्सिंगवरचं तिचं छोटं पुस्तक आलं. आजारी माणसाची देखभाल करणाऱ्या कुठल्याही बाईसाठी लिहिलेलं. हवा, उजेड, पाणी, गटार, अंथरूण, आवाज अशा साध्या गोष्टी. नर्सने दिवसातून पुनःपुन्हा हात धुवावेत हे त्यात आहे. अंथरुणाला खिळलेल्याला पाठीवर जखमा होतात तो बहुतेक वेळा रोगाचा दोष नसतो, देखभालीचा असतो, हेही आहे. मला सगळ्यांत पटलं ते एक छोटं प्रकरण. त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही हजर असताना जे नीट होतं, ते तुम्ही नसतानाही नीट व्हावं अशी व्यवस्था लावून ठेवणं ही खरी देखभाल. एकटीने मर मर राबणं याला ती फारशी किंमत देत नाही.

यात एक गंमत आहे. ज्या बाईने हात धुवायला सांगितले तिचा त्या वेळी जंतूंवर विश्वास नव्हता. घाण आणि कोंदट हवा यांनीच रोग होतो असं तिला वाटायचं, आणि ही समजूत तिने बरीच वर्षं सोडली नाही. पुढे १८८० च्या दशकातल्या तिच्या लेखनात जंतुनाशकांचा वापर आलेला दिसतो. म्हणजे सिद्धांत चुकीचा होता, पण मोजणं बरोबर होतं, म्हणून उपाय बरोबर निघाले.

१८६० मध्ये जनतेने जमवून दिलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिची नर्सिंगची शाळा सुरू झाली. त्याच निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींना शिकवण्यासाठी बाळंतिणींचा एक वॉर्डही काढला होता. तिथे सूतिकाज्वराने बायका दगावू लागल्या. तेव्हा १८६७ मध्ये तो वॉर्ड बंद करण्यात आला. तिच्या नावाचा, तिच्या पैशांचा वॉर्ड! त्यावर ती गप्प बसली नाही. ठिकठिकाणचे बाळंतपणातले मृत्यू गोळा करून १८७१ मध्ये तिने पुस्तक काढलं आणि दाखवून दिलं, की अशा मोठ्या वॉर्डांपेक्षा घरी बाळंत होणाऱ्या बायका जास्त सुरक्षित आहेत. रुग्णालयाने निदान रोग्याचं नुकसान तरी करू नये, हे तिचं म्हणणं इतकं साधं होतं, आणि त्याची सुरुवात तिने स्वतःच्या दारापासून केली.

म्हाताऱ्यांचं काय? त्या काळी इंग्लंडात ज्यांना कुणी नाही अशा गरीब म्हाताऱ्यांची शेवटची जागा म्हणजे वर्कहाउस, गरिबांची सरकारी बराक. तिथल्या आजारी लोकांकडे बघायला नर्स नव्हत्याच. तिथलेच दुसरे गरीब, बरेचदा स्वतः म्हातारे आणि वाचता न येणारे, त्यांना औषध पाजायचे. १८६४ च्या अखेरीस लंडनच्या एका वर्कहाउसमध्ये टिमोथी डॅली नावाचा एक मजूर निष्काळजीपणामुळे पाठीच्या जखमा होऊन दगावला आणि गाजावाजा झाला. फ्लॉरेन्सने ते प्रकरण हातात घेतलं आणि संबंधित मंत्र्यांच्या मागे लागली. मागणी अशी, की आजारी, वेडे, बरे न होणारे आणि मुलं यांना धडधाकट गरिबांत कोंबू नका, त्यांची वेगळी सोय करा, आणि खर्च सगळ्या शहराने मिळून उचला. आजारी पडला की तो भिकारी राहत नाही, तो रोगी होतो, ही तिची भूमिका. १८६७ मध्ये लंडनपुरता कायदा झाला. तिला हवं होतं तेवढं त्यात नव्हतं, पण गरिबांच्या वेगळ्या रुग्णालयांना त्यातून सुरुवात झाली.

त्याआधीच, १८६५ मध्ये, लिव्हरपूलच्या वर्कहाउसमध्ये तिच्या शाळेत शिकलेली ॲग्नेस जोन्स बारा शिकलेल्या नर्सेस घेऊन गेली होती. हजारावर रोगी, त्यांत म्हाताऱ्यांची गर्दी. तीन वर्षं ती तिथे झिजली आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये टायफसने गेली. वय ३५. नर्सला वाचवलं नाही तर रोग्याला कोण वाचवणार? हा प्रश्न कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर परत आला. योगायोग बघा, तेच वर्ष तिच्या दोनशेव्या जयंतीचं. इंग्लंडने घाईघाईने उभारलेल्या कोविड रुग्णालयांना तिचंच नाव दिलं होतं.

आपल्याशी तिचा संबंध काय, असं कुणी विचारेल. ती भारतात कधीच आली नाही. पण इथल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यासाठी १८५९ मध्ये नेमलेल्या आयोगाचं काम तिने लंडनमधून अंथरुणावर बसून केलं. छावण्याछावण्यांना छापील प्रश्न पाठवले, उत्तरांचे ढीग वाचले. इथे सैनिकांत दर हजारी ६९ मृत्यू होतात, हे त्यातून मांडलं गेलं. पुढे १८७३ मध्ये हा आकडा १८ वर आल्याचं तिने लिहिलं. आधी सैनिकांपुरता असलेला तिचा विचार हळूहळू खेड्यांकडे, शेतीच्या पाण्याकडे, दुष्काळाकडे वळला. मुंबईचं गव्हर्नरपद सोडून परतलेले सर बार्टल फ्रिअर तिचे मित्र होते, आणि आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता.

आणि हे सगळं करताना ती स्वतः आजारी होती. क्रिमियात १८५५ मध्ये आलेल्या तापाने तिला जन्मभर सोडलं नाही. परतल्यावर वर्षभरातच अंथरूण धरलं. त्यानंतरची बरीच वर्षं खोलीत पडून, पत्रं लिहीत, आकडे मागवत गेली. १८९६ पासून तर ती खोलीबाहेर पडलीच नाही. पुढे डोळे गेले, आठवण गेली. जिने साऱ्या जगाला नर्सिंग शिकवलं ती बाई शेवटी स्वतः एक म्हातारी पेशंट होऊन नर्सच्या हातून जेवत होती. १९०७ मध्ये राजाने तिला ऑर्डर ऑफ मेरिट दिली. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. पण घरी आलेला तो सन्मान तिला कितपत कळला, शंकाच आहे. १३ ऑगस्ट १९१० ला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा मान घरच्यांनी तिच्या इच्छेप्रमाणे नाकारला. गावच्या चर्चजवळ तिच्या दगडावर नावाची फक्त दोन आद्याक्षरं आणि तारखा आहेत.

जाता जाता एक. नर्सिंगच्या मुली दिवा हातात घेऊन जी शपथ घेतात ती तिच्या नावाची असली तरी तिने लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला ती तयार झाली. मी हे त्या सिस्टरांना सांगायला गेलो तर त्यांना आधीच माहीत होतं!

आजी बरी झाली. इन्फेक्शन उतरलं तसा गोंधळही उतरला. आठव्या दिवशी तिने मला माझ्या नावाने हाक मारली आणि केस का वाढवलेत म्हणून झापलं. इतकं गोड झापणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी इनचार्ज सिस्टरांना भेटून जावं म्हणून थांबलो, पण त्यांची सुट्टी होती. त्याच वेळी शेजारच्या पलंगावरच्या एका आजोबांना स्ट्रेचरवर घेत होते. नवीन लागलेली एक पोरसवदा सिस्टर त्यांच्या मुलाला पिशवी कुठे धरायची ते दाखवत होती. आधी तिने हात धुतले. पुस्तकातलं ते छोटं प्रकरण तेव्हा मी वाचलेलं नव्हतं. नंतर वाचताना मला तीच पोरगी दिसत राहिली. मोठ्या सिस्टर तिथे नव्हत्या, तरी काम त्यांच्यासारखंच चाललं होतं.

त्या रजिस्टरमध्ये माझी चूक कुठल्यातरी पानावर अजून असेल. बिननावाची, दोन ओळींची. मी ती सांगितली नसती तर ते आजोबा कदाचित पिशवी पोटावर घेऊनच एक्स-रेला गेले असते. पुढेमागे आपण पूल बांधू, मशीन बसवू, प्रोग्राम लिहू. आपल्याही हातून चुका होतीलच. तेव्हा त्या लिहून ठेवणारं रजिस्टर आपल्या साइटवर असेल का, आणि त्यात लिहायची आपली छाती होईल का, एवढं मात्र अधूनमधून मनात येतं.

आता सुट्टीत घरी गेलो की आजी वॉकर घेऊन पडवीत बसलेली असते. मी पाया पडायला वाकलो की हाताने थांबवते. बाहेरून आलास, आधी हातपाय धू, मग जवळ ये. लहानपणापासून हे ऐकून ऐकून मी वैतागायचो. आता निमूटपणे मोरीकडे जातो. साबण लावून.